डिकन्स वाचायचा तर अंकाअंकाने

एम.ए. इंग्रजीला व्हिक्टोरियन कादंबरीचा पेपर घेतला की चार्ल्स डिकन्स चुकत नाही. नेट-सेटलाही चुकत नाही. जन्म ७ फेब्रुवारी १८१२, पोर्टस्मथ. मृत्यू ९ जून १८७०, गॅड्स हिल. १५ कादंबऱ्या, त्यातली शेवटची अपुरी. एवढं तुमचं पाठ असेलच. मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल : ‘डिकन्सला शब्दामागे पैसे मिळत, म्हणून तो पाल्हाळ लावतो.’ गाईडमध्ये हेच, सीनियरच्या नोट्समध्ये हेच, यूट्यूबवरच्या सारांशातही हेच. मीही त्यावर विसंबून ‘ब्लीक हाउस’ हातात घेतली आणि दर चार पानांनी वाटायचं, हा माणूस उगाच पानं भरतोय. असं मनात धरून नऊशे पानं कोणाच्याने वाचून होतील?

ते वाक्य खोटं आहे. का, ते नीट समजून घ्या, कारण इथे घसरलात की पुढचं सगळंच घसरतं.

१८३६ मध्ये डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी दर महिन्याच्या सुट्या अंकांतून सुरू झाली आणि लवकरच एक माप ठरून गेलं. हिरवट मुखपृष्ठाचा अंक, ३२ छापील पानं, दोन चित्रं, किंमत एक शिलिंग. एकूण २० अंक, शेवटचे दोन एकत्र, म्हणजे १९ महिने. मानधन ठरायचं ते अंकामागे. आता हिशेब करा. पानं ३२ म्हणजे ३२च. मजकूर जास्त झाला तर प्रुफात कापायचा, कमी पडला तर घाईघाईने भर घालायची. चार शब्द जादा लिहून एक पेनीसुद्धा वाढत नव्हती. लांबी आधीच ठरलेली होती; प्रश्न होता तो त्या ठरलेल्या जागेत महिनाभर पुरेल असं काय द्यायचं, हा.

हे कळलं की ज्याला आपण पाल्हाळ म्हणतो त्याचं काम दिसायला लागतं. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला मिकॉबर जेव्हा येतो तेव्हा ‘काहीतरी होईलच’ या आशेवर असतो, आणि उरिया हीप दर वेळी आपण किती दीन आहोत ते सांगत ओलसर हात चोळतो. एका बैठकीत वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती वाटते. पण वाचकाला मधे महिना गेलेला असायचा. पात्र दारात उभं राहताक्षणी ओळखू यायला हवं, त्यासाठी ती खूण आहे. ‘डिकन्सची पात्रं सपाट असतात’ असं उत्तरात बिनदिक्कत लिहिण्याआधी हे तपासा.

ऑगस्ट १८४९ चा अंक बघा. ‘कॉपरफील्ड’चा चौथा, प्रकरणं १० ते १२. आई गेलेली, डेव्हिड लंडनच्या गोदामात बाटल्या धुतोय, शेवटी तो आत्याआजीकडे डोव्हरला पळून जायचं ठरवतो. पेटी गाडीवर ठेवायला एका दांडग्या पोराला सांगतो आणि ते पोर पेटी आणि अर्ध्या गिनीचं नाणं दोन्ही घेऊन पसार होतं. रिकाम्या हाताने मुलगा डोव्हरच्या रस्त्याला लागतो आणि अंक संपतो. म्हणजे त्या वेळच्या वाचकाच्या मनात तो पोरगा महिनाभर रस्त्यावरच होता. तुम्ही पान उलटून लगेच तेरावं प्रकरण सुरू केलंत तर ही जागा हातची गेलीच. अंक कुठे संपला हे चांगल्या संपादित आवृत्तीत दिलेलं असतं. तिथे पेन्सिलने रेघ मारा, पुस्तक मिटा, दोन दिवस दुसरं काहीतरी वाचा. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्याही ‘करमणूक’मधून क्रमशः आल्या; आपल्याला ही रीत परकी नाही.

अंकांमुळे आणखी एक गोष्ट होई : कादंबरी चालू असतानाच वाचक बोलत. ‘कॉपरफील्ड’मधली ठेंगणी मिस माउचर बाविसाव्या प्रकरणात आली तेव्हा जिच्यावरून ती घेतली होती त्या बाईंनी दुखावून तक्रार केली, आणि बत्तिसाव्या प्रकरणात डिकन्सने तीच व्यक्तिरेखा भली करून टाकली. ‘मार्टिन चझलविट’चा खप अपेक्षेइतका होईना तेव्हा नायकाची रवानगी अमेरिकेला झाली. जीवन वेगळ्या परिच्छेदात आणि साहित्य वेगळ्या परिच्छेदात लिहिणाऱ्यांनी हे दोन दाखले जवळ ठेवावेत.

जीवनाबद्दल मात्र सावध राहा. १८२४ मध्ये वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले आणि १२ वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायला लागला, हे खरं. पण ते जगाला कळलं त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून, आणि ते १८७२ ते १८७४ मध्ये आलं, डिकन्स गेल्यावर. १८४९ च्या वाचकाला गोदामातला डेव्हिड म्हणजे लेखक हे ठाऊकच नव्हतं. ‘आत्मचरित्रात्मक कादंबरी’ असा शिक्का मारून पुढे जाणाऱ्याला याचा विचारच करावा लागत नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तिथेच अडकायला होतं.

मार्गदर्शकाबद्दल माझं ठाम मत आहे : जो ‘आधी समीक्षा वाच’ म्हणतो त्याच्यापेक्षा जो मूळ अंक दाखवतो तो धरा. मला एका सरांनी डिकन्सच्या अंकांच्या आखणीच्या कागदांच्या छायाप्रती दाखवल्या. डावीकडे स्वतःलाच विचारलेले प्रश्न आणि त्यांची ‘हो’, ‘नाही’, ‘आत्ता नको’ अशी उत्तरं, उजवीकडे प्रकरणांची नावं. पाल्हाळाचा आरोप माझ्यापुरता तिथेच निकालात निघाला. एवढी आखणी करणारा माणूस पानं भरत नसतो.

बहुतेक ठिकाणी लहान म्हणून ‘हार्ड टाइम्स’ नेमतात. तेवढ्यावरून डिकन्सबद्दल मत बनवू नका. ती १८५४ मध्ये त्याच्याच ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ साप्ताहिकात आली आणि आठवड्याच्या तुटपुंज्या जागेत आपला जीव घुसमटतोय असं तो स्वतःच फॉर्स्टरला कळवत होता. आधी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ घ्या. तीही साप्ताहिकातली, पण तोवर त्याचा हात त्या मापाला बसला होता. मग ‘कॉपरफील्ड’. दर शब्दाला डिक्शनरी उघडू नका. संवाद मोठ्याने वाचले की अर्धे अर्थ आपोआप लागतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना हे जमतं, अगदी खात्रीने सांगते.

‘ब्लीक हाउस’ शेवटी. तिथे दोन निवेदक आहेत, एक वर्तमानकाळात, दुसरी एस्थर भूतकाळात, आणि पहिल्या दोन-तीन अंकांत कोण कोणाचं हे कोणालाच कळत नाही. तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं समजू नका. दहाव्या अंकाच्या शेवटी, म्हणजे बरोबर मध्यावर, क्रूक हा भंगारवाला आपल्या खोलीत जळून खाक होतो. तिथपर्यंत गाईड उघडू नका. पुढचे दहा अंक तुम्ही आपणहून वाचाल.