गिझर ठीक होता, दोष सॉकेटमध्ये होता

नाशिकची थंडी आणि बादलीभर पाण्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ. इंदिरानगरमधल्या आमच्या घरी गिझर उघडून कॉइल बदलायचीच तयारी चालली होती. मी म्हटलं, आधी मोजूया.

गिझरवर लिहिलेलं: २३० व्होल्ट, २००० वॅट. म्हणजे करंट २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर, कॉइलचा रोध (करंटला होणारा अडथळा) २३० ÷ ८.७ = साधारण २६.४ ओहम.

वायरमन काकांनी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा मीटर, लावला. (तो एकाच वायरभोवती लावायचा, फेज-न्यूट्रल दोन्ही धरल्या तर शून्य दिसतं.) करंट ७.८, गिझरच्या टोकाशी व्होल्टेज २०५. भागाकार केला: २६.३ ओहम. कॉइल शाबूत! पण शक्ती २०५ × ७.८, म्हणजे जेमतेम १६०० वॅट. व्होल्टेज थोडंच पडलं तरी शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, हे इथे स्पष्ट दिसतं.

गिझर चालू असतानाच मेन बोर्डवर मात्र २२८ व्होल्ट. मधले २३ व्होल्ट गुणिले ७.८, सुमारे १८० वॅट उष्णता वाटेतच कुठेतरी. हे मला फार गंभीर वाटलं, आग अशीच लागते. मेन बंद करून सॉकेट उघडलं: न्यूट्रलचा स्क्रू सैल, वायरचं टोक काळं पडलेलं.

रविवार कारंजावरून १६ अँपिअरचं नवं सॉकेट आणलं, जळका भाग कापून वायर घट्ट आवळली. आता २२६ व्होल्ट, ८.५ अँपिअर, १९२१ वॅट.