वेड्यावाकड्या खडकावर टेक्स्चर बसवताना

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगातल्या माझ्या अंगणात मला जांभ्याचा खडक हवा होता, रत्नागिरीला आमच्या घरामागे आहे तसाच. पहिला केला तो स्कल्प्टी, म्हणजे तिथली वेडेवाकडे आकार करायची जुनी पद्धत. स्कल्प्टी २००७ साली आल्या. त्यांचा आकार एका चित्रातल्या रंगांवरून घडतो आणि टेक्स्चर, म्हणजे वर चिकटवायचं चित्र, तेही त्याच ठरलेल्या उभ्या-आडव्या ओळींनी बसतं. त्यामुळे माझ्या खडकाच्या माथ्यावर जांभ्याची भोकं एका जागी गोळा होऊन चुण्या पडल्या, आणि त्या काढायला काही वावच नव्हता. म्हणून खडक, खोड, मूर्ती असलं काही करायचं असेल तर ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये मेश, म्हणजे बिंदू आणि कडांच्या जाळीचा आकार, करा.

आकार झाला की कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा, म्हणजे लहान-मोठं केलेलं माप पक्कं होतं. हे राहिलं तर पुढचं माप चुकतं.

आता शिवण, म्हणजे आकार सपाट उलगडण्यासाठी जिथे कापायचा त्या कडा. माझी आई ब्लाउज शिवायची. कापड फाडण्याआधी शिवण कुठे लपेल ते ती ठरवायची. खडकाचंही तसंच. कपारीतल्या, बुडाच्या आणि मागच्या बाजूच्या कडा निवडून मार्क सीम करा. समोरच्या फुगीर भागावर शिवण नको. मग सगळं निवडून यू दाबा, अनरॅप करा, म्हणजे आकार त्या शिवणींवर सपाट उलगडतो.

लगेच फोटो चिकटवू नका. आधी यूव्ही ग्रिड, म्हणजे तपासणीसाठीचं चौकटींचं चित्र, लावा आणि खडक चहूबाजूंनी फिरवून पाहा. चौकटी लांबट झाल्या तिथे कापड ताणलंय. ब्लाउजला टक्स घालतात तशी तिथे आणखी एक छोटी शिवण द्या. एका बाजूला चौकटी मोठ्या आणि दुसरीकडे बारीक दिसल्या तर ॲव्हरेज आयलंड स्केल वापरा, त्याने उलगडलेल्या तुकड्यांची मापं एकमेकांशी जुळतात. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो द्यावाच.

फोटो ढगाळ दिवशी काढा. उन्हातल्या फोटोत सावल्या आधीच पडलेल्या असतात, आणि सेकंड लाइफचा सूर्य दुसरीकडून आला की खडक खोटा वाटतो. शेवाळाचा एखादा ठळक डागही टाळा. टेक्स्चर पुन्हापुन्हा आलं की तोच आधी डोळ्यांत भरतो. माणसाएवढ्या खडकाला ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं टेक्स्चर पुरतं.

अपलोड करण्याआधी व्ह्यूअरमधलं, म्हणजे सेकंड लाइफ बघायच्या प्रोग्रॅममधलं, लोकल टेक्स्चर वापरून पाहा. ते फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसतं, लिंडन डॉलर (सेकंड लाइफचं चलन) खर्च होत नाहीत, आणि फाइल बदलून सेव्ह केली की खडकावरही बदलतं. दुपारच्या आणि संध्याकाळच्या दोन्ही उजेडांत बघा. एवढं करूनही शिवणीची रेघ दिसलीच तर खडक फिरवून ती बाजू भिंतीकडे करा.