भीमाशंकरला शेकरू दिसत नाही? या चुका टाळा

पुण्याहून आरामात निघायचं, मंचर-घोडेगाव करत अकरापर्यंत पोचायचं, दर्शनाची रांग धरायची आणि ऐन दुपारी शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, शोधायला जंगलात शिरायचं. शेकरू न दिसण्याची खात्रीशीर पद्धत हीच. दुपारच्या उन्हात तो गर्द पानांत फांदीवर निवांत पसरलेला असतो. त्याची धावपळ उजाडल्यावरचे दोन-तीन तास आणि पुन्हा ऊन उतरल्यावर, तेव्हा आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. श्रावणी सोमवार नि महाशिवरात्र देवासाठी सोडून द्या.

देवळाच्या पायऱ्या म्हणजे अभयारण्य नव्हे. १९८५ साली जाहीर झालेलं हे जंगल सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत पसरलेलं आहे. गर्दीतून बाहेर पडून गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलात तरी फरक कळतो.

बहुतेकांची नजर मात्र पायवाटेवरच असते. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत वरच्या वर जातो. आधी कान द्या. खडखडाटासारखी चढी हाक आली की थांबा, बोट दाखवून ओरडू नका. चाहूल लागली की तो फांदीला चपटा चिकटतो आणि समोर असून दिसत नाही. अशा वेळी अंग शोधू नका, फांदीखाली लोंबणारी झुपकेदार शेपटी शोधा. काटक्या-पानांचं गोल घरटं दिसलं म्हणून त्याखाली ठाण मांडण्यातही अर्थ नाही. एकाच शेकराची अशी बरीच घरटी असतात. त्यापेक्षा फळांनी लगडलेला उंबर गाठा, तिथे हरियाल आणि धनेश हे पक्षीही येतात.

पावसाळ्यात शीळकरी कस्तुराची पहाटेची शीळ ऐकण्यासारखी. पण मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. विणीच्या दिवसांत बिचारे घरटं सोडून भांडायला धावतात. ब्लूटूथ स्पीकरवाल्यांबद्दल काय बोलावं!

दुर्बिणीवर वाफ धरते? एसी गाडीतून थेट दमट हवेत काढल्यामुळे. पुसत बसू नका, बॅगेतच राहू द्या थोडा वेळ. फोटोत शेकरू काळा ठिक्कर येत असेल तर मागचं आभाळ कारण आहे, कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक-दीड स्टॉपने (पायरीने) वाढवा. आणि माकडांना बिस्किटं देऊ नका. पुढच्या माणसाची पिशवी ती हिसकावतात.

एवढं करूनही चुकामूक होत असेल, तर आसपासच्या वाडीतला वाटाड्या घ्या. कुठला उंबर सध्या पिकलाय, हे त्यालाच ठाऊक असतं.