कूलर बदलायचा की अजून एक सीझन ओढायचा?
जळगाव-भुसावळकडं पारा ४५ च्या पुढं गेला की दुकानात जाऊन नवा कूलर उचलायची घाई करू नका, आधी जुना नीट बघा. हवा गार येत नाही म्हणजे कूलर गेला असं नसतं, बहुतेक वेळा बाजूचं गवत क्षारांनी दगडासारखं कडक झालेलं असतं, आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्यामुळं गवत दरवर्षी बदलायचंच, गवताऐवजी हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखं जाड कागदी पॅड) असेल तर दोन-तीन सीझन निघतात. पंखा हळू फिरतोय? आधी कपॅसिटर (मोटरला जोर देणारा छोटा डबा) बदलून बघा, स्वस्तातलं काम आहे. पंप पण तसाच, वेगळा मिळतो. आणि खिडकी उघडी ठेवा भाऊ, बंद खोलीत नवा कूलर पण दमटच करणार. जुलैत गार लागत नाही ती तर कूलरची चूकच नाही, हवेतच ओल असते.

आता बदलायचा कधी, तर टाकीचा पत्रा चाळणीसारखा झाला असंल तर. आम्ही तीन वर्षं एमसील लावत बसलो, एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं, शेवटी भंगारवाल्यालाच दिला. मोटर एकदा रिवाइंड करून, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून, परत जळली तरी बदलायचाच. पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात? तेव्हा लगेच प्लग काढा, अर्थिंग आणि वायर इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय चालू करू नका, घरात लहान पोरं असतील तर अजिबातच नाही. घ्यायचाच असला तर फेब्रुवारीत घ्या, एप्रिलमधे भाव चढलेले असतात.