किशोरवयात दात किडतात ते घोटाघोटाने: या चुका टाळा

‘गोड कमी खा’ हे मुलांच्या कानीकपाळी आपण ओरडत असतो. पण किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, हे दातांना जास्त भोवतं. सगळ्यात मोठी चूक होते ती इथेच.

अभ्यासाच्या टेबलावर कोल्ड्रिंकची बाटली उघडून ठेवलेली असते. दर दहा मिनिटांनी एक घोट, असं दोन तास चालतं. दातांवरच्या किटणातले जंतू ती साखर खाऊन आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच तिथला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली येतो आणि इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम विरघळायला लागतं. लाळ ही झीज भरून काढते, पण आधी आम्ल ओसरावं लागतं आणि त्यालाच साधारण अर्धा तास जातो. त्याआत पुढचा घोट पोटात! लाळेला उसंतच मिळत नाही. तेच पेय जेवणासोबत एका बैठकीत संपवलं तर दातांवरचा मारा एकदाच होतो. चिकट टॉफी आणि दाढेच्या खाचेत बसणारी बिस्किटंही घोटाघोटासारखीच लाळेला उसंत देत नाहीत.

‘ज्यूस आहे, चालेल’ हीसुद्धा फसगतच. रस काढला की फळातली साखर मोकळी होते, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती वरून घातलेल्या साखरेतच धरते.

आंबट पेय पिऊन लगेच ब्रश करू नका. मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं. अर्धा तास थांबा. ब्रश झाल्यावर खळखळून चूळ भरली तर टूथपेस्टमधलं, दात मजबूत करणारं फ्लोराइड वाहून जातं, म्हणून फेस नुसता थुंकून टाका. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, त्यामुळे तेव्हाची साखर सर्वांत महागात पडते.

आता एक काम आजच करा. मुलाचे पुढचे दात कापसाने कोरडे करून उजेडात बघा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर फ्लोराइड आणि खाण्याच्या वेळा सांभाळून कीड थांबवता येते. खड्डा पडला की मात्र ब्रश कितीही केला तरी तो भरत नाही. ठणका लागेपर्यंत थांबलात, तर कीड बहुतेक वेळा आत खोलवर पोचलेली असते.

बारा-तेराव्या वर्षी येणारी मागची दाढ तर हमखास दुर्लक्षित राहते. ब्रश तिथवर नीट पोचत नाही. ती आली की तिच्या खाचांवर सीलंट (खाचा बुजवणारा पातळ लेप) लावायचं का, हे दंतवैद्यांना विचारून घ्या.