ड्युटीच्या पट्ट्यावरचा मल्टीटूल

बेळगावच्या उद्यमबागेत नाईट शिफ्टला गेटवर उभं राहणाऱ्यांना मी एकच सांगतो: मल्टीटूल, म्हणजे पक्कड-सुरी एकातच असलेलं घडीचं हत्यार, घेताना सुरी नको, आधी पक्कड बघा. ड्युटीभर तीच लागते. कडीतली वाकलेली तार ओढायची, बॅरिकेडचा सैल नट आवळायचा, केबल टाय तोडायचा. सुरी लॉक होणारी हवी, नाहीतर जोर दिला की बोटावरच मिटते.

पुणे-बेंगळुरू महामार्गावर ड्युटी असेल तर सीट बेल्ट कापायला टोकदार पातं वापरू नका, आतल्या माणसाला लागतं. आकड्यासारखा बेल्ट कटर वेगळा मिळतो, तो सोबत ठेवा. गळफासाच्या प्रकरणात दोर कापायची वेळ आली तर गाठ तशीच ठेवून, तिच्यापासून लांब कापा. गाठ हा पुरावा असतो. जीव वाचण्याची शक्यता असेल तर मात्र आधी माणूस खाली.

आणि लाईटच्या वायरीला हे लावायचं नाही! मूठ उघड्या लोखंडाची, करंट थेट हातात.

खानापूरकडच्या पावसात आठवड्यात सांधे तांबूस होतात. माझा एक तर असा धरला होता की पक्कड उघडायला दुसरी पक्कड लागली. सगळी पाती उघडून जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून नीट वाळवा, मग प्रत्येक सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त घातलं की धूळ धरते.

सांबऱ्याहून विमानानं जाताना तो चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत राहिला तर तिथंच सोडावा लागेल.