जर्मनीत नोकरी आणि कायम वास्तव्य : या चुका टाळा

जर्मनीत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना कागदपत्रांत मदत करताना तीच ती संकटे पुन्हा पुन्हा समोर येतात आणि त्यांतली बहुतेक सहज टळली असती, याचे फार वाईट वाटते. नोकरी मिळाली की बाकीचे आपोआप मार्गी लागेल, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक पत्त्याची. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नोंदणी कार्यालयात ‘अनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करावी लागते आणि त्यासाठी ही व्यक्ती या घरात राहायला आली आहे, असे घर देणाऱ्याच्या सहीचे पत्र लागते. भाडे कमी म्हणून पुष्कळ जण सबलेटची, म्हणजे दुसऱ्या भाडेकरूने पोटभाड्याने दिलेली, खोली घेतात. तिथे मूळ भाडेकरूने अनेकदा मालकाची परवानगीच काढलेली नसते, त्यामुळे तो पत्र द्यायचे टाळतो. माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकल इंजिनिअरची श्टुटगार्टमध्ये अशीच अडचण झाली, तेव्हा एका एजंटाने पैसे घेऊन त्याची नोंदणी भलत्याच घराच्या पत्त्यावर करून दिली. जर्मनीत पत्त्यावर सहसा फ्लॅटचा क्रमांक नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचे नाव वाचून पत्र टाकतो आणि नाव नसेल तर पाकीट परत जाते. त्या पेटीवर या मुलाचे नावच नव्हते. टॅक्स आयडीचे, म्हणजे करदाता क्रमांकाचे, पत्र परत गेले आणि तो क्रमांक नसल्याने काही महिन्यांनी पगारातून सहाव्या श्रेणीचा, म्हणजे सर्वांत जड, कर कापला जाऊ लागला. वास्तव्याच्या परवान्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाने, म्हणजे आउसलेंडरबेहर्डेने, दिलेली अपॉइंटमेंटही त्याच पत्त्यावर गेली. ती चुकली, व्हिसाची मुदत संपत आली आणि चांगली नोकरी हातात असतानाही त्याला वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. असा खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, तरी हा धंदा चालतो, कारण घाईला आलेले लोक त्याला गिऱ्हाईक मिळवून देतात. मी खोली पाहायला गेलेल्या प्रत्येकाला सांगतो, की भाड्याची घासाघीस करण्याआधी नोंदणीच्या पत्राबद्दल विचारावे, उत्तर लेखी घ्यावे आणि किल्ली मिळाली त्याच दिवशी पत्रपेटीवर नावाची चिठ्ठी लावावी.

दुसरी चूक पदवीची आहे. शेकडो अर्ज पाठवून झाल्यावर, मुलाखत पार पडल्यावर, आपले विद्यापीठ ‘अनाबिन’ या सरकारी यादीत आहे का, हे लोक पाहतात. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ असा शेरा आणि आपली पदवी जर्मन पदवीशी समकक्ष असल्याची नोंद, या दोन्ही गोष्टी तपासून त्यांची प्रत छापून ठेवावी. पदवीची नोंद सापडली नाही तर झेडएबी या संस्थेकडून समकक्षतेचे प्रमाणपत्र काढावे लागते आणि ते काम देश सोडण्याआधीच उरकणे शहाणपणाचे. परिचारिका आणि डॉक्टर यांच्यासाठी व्यवसायाची वेगळी मान्यता सक्तीची आहे. त्यात पळवाट शोधू नये.

भाषेच्या बाबतीत तर अधीरपणाला सीमाच नाही. जून २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘चान्सेनकार्टे’वर नोकरी शोधण्यासाठी एक वर्षापर्यंत राहता येते आणि तेवढ्यात आठवड्याला २० तास अर्धवेळ कामही करता येते. भाषेच्या पातळ्या ए१ (अगदी प्राथमिक) पासून ए२, बी१, बी२ अशा चढत जातात. या कार्डासाठी ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी पुरते, म्हणून लोक तेवढ्यावरच येतात आणि आयटीच्या बाहेर इंग्रजीत चालणाऱ्या नोकऱ्या किती थोड्या आहेत, हे त्यांना इथे आल्यावर उमगते. माझे मत स्पष्ट आहे: जर्मनची बी१ पातळी घरीच पूर्ण करून निघावे. ब्लू कार्ड, म्हणजे ठरावीक पगाराच्या नोकरीवर उच्चशिक्षितांना मिळणारा परवाना, असलेल्याला ए१ वर २७ महिन्यांनी पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, मागता येतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. त्यामुळे भाषेवर घालवलेला वेळ भरून निघतो.

ब्लू कार्डासाठी लागणाऱ्या किमान वार्षिक पगाराची मर्यादा दरवर्षी बदलते. २०२५ साठी ती ४८,३०० युरो होती, टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी कमी. करारावर सही करण्याआधी त्या वर्षीचा आकडा पाहावा.

पर्यटक व्हिसावर येऊन इथेच तो कामाच्या परवान्यात बदलून घेऊ, हा सल्ला देणाऱ्यापासून दूर राहावे.

ब्लू कार्डाच्या पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावे लागते.

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच गेला पाहिजे, कारण तसे केले तरच निर्णय होईपर्यंत जुने हक्क चालू राहतात. मी तीन महिने आधी अर्ज करायला लावतो आणि पोचपावती जपायला सांगतो.

सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास वास्तव्याचा साधा परवाना रद्द होतो. ब्लू कार्डला ही सवलत १२ महिन्यांची आहे.

पीआरच्या अर्जात पेन्शन विम्याची वर्गणी किती महिने भरली, हे मोजले जाते. वर्षाअखेरीस नोकरी देणाऱ्याकडून मिळणारा विम्याचा दाखला एका फाइलमध्ये लावून ठेवावा आणि त्यात एखादा महिना सुटलेला दिसला तर नोकरी बदलण्याआधीच पगार विभागाकडून तो दुरुस्त करून घ्यावा.